विमानातील रेडिओ उंचीमापक : अचूकतेच्या मापनाचा इतिहास

प्रस्तावना

विमान किती उंचीवर आहे, या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. समुद्रसपाटीपासूनची उंची, प्रमाणित वायुदाबाच्या पातळीपासूनची उंची आणि विमानाच्या पोटाखाली त्या क्षणी असलेल्या जमिनीपासूनची उंची या तीन भिन्न राशी आहेत. विमानोड्डाणाच्या पहिल्या तीन दशकांत वैमानिकाच्या हाती वायुदाबावर चालणारा उंचीमापक तेवढा होता. पॉल कॉल्समन यांनी १९२८ मध्ये तयार केलेल्या संवेदनशील उंचीमापकाने या साधनाला मोठी सूक्ष्मता आणली. त्याच साधनाच्या आधारे जेम्स डूलिटल यांनी २४ सप्टेंबर १९२९ रोजी अमेरिकेतील मिचेल फील्ड येथे बाहेर काहीही न पाहता, केवळ उपकरणांवर विसंबून उड्डाण व अवतरण करून दाखविले. तथापि हे साधन जमीन मोजत नव्हते, हवा मोजत होते. समुद्रसपाटीजवळ वायुदाब एक हेक्टोपास्कलने बदलला की काट्यावरील उंची सुमारे २७ फुटांनी बदलते. विमान एका हवामानातून दुसऱ्या हवामानात गेले आणि दाब वीस हेक्टोपास्कलने उतरला, तर काटा पाचशेहून अधिक फूट खोटे सांगतो. डोंगर मात्र जागचा हलत नाही.

या उणिवेतून रेडिओ उंचीमापकाचा जन्म झाला. त्याच्या शोधाची कथा अनेक ग्रंथांत आढळते. त्याची अचूकता कशी मोजली गेली, कोणत्या कसोटीवर मोजली गेली आणि ती कसोटी वेळोवेळी कोठे अपुरी पडली, याकडे मात्र तुलनेने कमी लक्ष दिले गेले आहे. प्रस्तुत लेखाचा विषय तो आहे. उंची मोजणाऱ्या यंत्राची परीक्षा घ्यावयाची तर खरी उंची आधी ठाऊक असावी लागते. ती कोणी व कशी सांगावयाची, ही अडचण या संपूर्ण इतिहासाच्या मुळाशी आहे.

तरंगांच्या गणनेतून उंची

रेडिओ तरंगांनी अंतर मोजण्याचा एक आरंभीचा आणि निर्णायक प्रयोग विमानासाठी झालाच नव्हता. ११ डिसेंबर १९२४ रोजी एडवर्ड ॲपलटन व माइल्स बार्नेट यांनी बोर्नमथ येथील बीबीसीच्या प्रक्षेपकाची वारंवारता हळूहळू बदलवून घेतली आणि ऑक्सफर्ड येथे येणाऱ्या लहरींचा चढउतार मोजला. जमिनीवरून थेट आलेली लहर आणि आकाशातून परावर्तित होऊन आलेली लहर यांच्या मिलाफातून निर्माण होणारे हे चढउतार मोजून त्यांनी वातावरणातील विद्युद्भारित थराची उंची सुमारे ९० ते १०० किलोमीटर ठरविली. तोच प्रयोग उलटा करून, वरून खाली पाहत केला की रेडिओ उंचीमापक तयार होतो.

अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतील लॉइड एस्पेन्शीड हे दूरध्वनीच्या तारांमधील परावर्तनाच्या प्रश्नाकडून या कल्पनेकडे आले. त्यांनी १९३० मध्ये पेटंटसाठी अर्ज केला व ते १९३६ मध्ये मंजूर झाले. रसेल न्यूहाउस यांनी ओहायो राज्य विद्यापीठात स्वतंत्रपणे याच विषयावर काम केले होते. पुढे तेही बेल प्रयोगशाळेत दाखल झाले. दोघांच्या उपकरणाचे युनायटेड एअर लाइन्सच्या विमानात ऑक्टोबर १९३८ मध्ये प्रात्यक्षिक झाले. जपानमधील सादाहिरो मात्सुओ यांनीही त्याच वर्षी आपल्या थेट वाचनाच्या उंचीमापकाचे वर्णन प्रसिद्ध केले. कल्पना सुचून उपकरण हाती येईपर्यंत इतकी वर्षे का गेली, याचे कारण साधे आहे. पुरेशा उच्च वारंवारतेवर पुरेशी शक्ती देणाऱ्या निर्वात नलिका तोवर उपलब्धच नव्हत्या.

या उपकरणाची कार्यपद्धती समजून घेतल्याशिवाय त्याची चूक समजणार नाही. प्रक्षेपकाची वारंवारता एका मर्यादेत सतत वर-खाली होत राहते. जमिनीवर आपटून लहर परत येईपर्यंत प्रक्षेपक पुढच्या वारंवारतेवर गेलेला असतो. या दोहोंतील फरक उंचीच्या प्रमाणात असतो. तो फरक म्हणजे प्रतिसेकंद होणारी स्पंदने. ती मोजावयाची आणि काट्यावर फूट म्हणून दाखवावयाची. परंतु मोजणी पूर्णांकातच होते, अर्धे स्पंदन मोजता येत नाही. त्यामुळे काटा सलग न सरकता पायरीपायरीने सरकतो. पायरीची उंची प्रकाशाचा वेग भागिले वारंवारतेच्या झेपेची चौपट इतकी येते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन विमानांत बसविलेला एपीएन-१ हा उंचीमापक कमी उंचीच्या पल्ल्यात ४२० ते ४६० मेगाहर्ट्झ, म्हणजे ४० मेगाहर्ट्झची झेप घेत असे. गणित केल्यास पायरी सुमारे ६ फुटांची येते. त्याचा दुसरा, चार हजार फुटांपर्यंतचा पल्ला दहापट लहान झेपेवर चाले आणि पायरीही दहापट मोठी, साठ फुटांची होई. म्हणजे विमान जमिनीवर टेकले असतानाही सहा फुटांची शंका या यंत्राच्या रचनेतच गृहीत होती. बॉम्बफेकीसाठी ती चालण्यासारखी होती. अवतरणासाठी नव्हती.

स्फटिक हाच मापदंड

अधिक उंचीसाठी युद्धकाळातच दुसरी पद्धत पुढे आली. एससीआर-७१८ हे ४४० मेगाहर्ट्झवरील उपकरण अखंड लहर न पाठवता क्षणिक स्पंद पाठवी आणि प्रतिध्वनी परत येण्यास लागणारा काळ मोजी. गोल पडद्यावर प्रकाशबिंदू वर्तुळात फिरे. पाठविलेला स्पंद आणि परतलेला स्पंद वर्तुळावर दोन उंचवट्यांच्या रूपाने दिसत. त्यांच्यातील कोन म्हणजे उंची. बिंदूचे परिभ्रमण ९८.३५६ किलोहर्ट्झच्या स्फटिकाने नियंत्रित केलेले असे. हा आकडा सहज निवडलेला नाही. एका फेऱ्याला लागणाऱ्या काळात प्रकाश ५००० फूट खाली जाऊन परत वर येतो, म्हणून एक पूर्ण वर्तुळ म्हणजे बरोबर ५००० फूट. उंचीचा मापदंड अशा रीतीने विमानातच, एका लहानशा स्फटिकात, बरोबर नेला जाऊ लागला. लांबीच्या मापनाचे काळाच्या मापनात झालेले हे रूपांतर प्रस्तुत लेखकास या इतिहासातील सर्वांत सुंदर टप्पा वाटतो.

अचूकतेवर विसंबणे किती दूरवर जाऊ शकते याचे एक उदाहरण येथे टाळता येत नाही. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर टाकलेल्या बॉम्बचा स्फोट जमिनीपासून सुमारे ५८० मीटरवर घडवून आणण्यासाठी, विमानाच्या शेपटाकडील धोका ओळखणारे एपीएस-१३ हे रडार बदल करून उंचीमापक म्हणून वापरले गेले. बॉम्बमध्ये अशी चार उपकरणे होती आणि त्यांपैकी दोघांची एकवाक्यता झाल्यावर स्फोट व्हावा अशी योजना होती. एका यंत्राच्या सांगण्यावर विश्वास ठेवू नये, अनेकांना विचारावे, ही पद्धत पुढे प्रवासी विमानांच्या सुरक्षिततेचा पाया ठरली. तिचे एक आरंभीचे उदाहरण मात्र असे संहाराचे आहे.

समुद्रावरील दोन काटे

वायुदाबाचा उंचीमापक आणि रेडिओ उंचीमापक एकाच विमानात बसविले की दोघांत मतभेद होणे अपरिहार्य होते. समुद्रावर तर खालचा पृष्ठभाग ठाऊक असल्याने हा मतभेद नेमका मोजता येई. शिकागो विद्यापीठातील हवामानशास्त्रज्ञ जॉन बेलामी यांनी १९४५ मध्ये या फरकाचा उपयोग विस्ताराने मांडला. हा फरक ‘डी-मूल्य’ म्हणून ओळखला जातो. विमान समदाब पातळीवरून उडत असताना डी-मूल्य वाढते आहे की घटते आहे यावरून आडवा वारा काढता येतो आणि विमान मार्गापासून किती सरकले हे कळते. अटलांटिकवरील नौकानयनतज्ज्ञांनी ही रीत अनेक वर्षे वापरली. येथे कोणता काटा चुकतो आहे हा प्रश्नच गौण ठरला. दोघांमधील अंतर हीच माहिती झाली.

कॅनडाने याच जोडीचा उपयोग भूमापनासाठी केला. विस्तीर्ण, निर्मनुष्य उत्तर भागात पायी जाऊन उंचीचे बिंदू घेणे अशक्यप्राय होते. विमान स्थिर दाबाच्या पातळीवर ठेवून खालच्या भूमीची रेषा रेडिओ उंचीमापकाने आखून घेण्यात येई. या आखणीची परीक्षा सरोवरांवर होई. सरोवराच्या एका काठाची उंची ठाऊक असेल तर सर्व पृष्ठभागाची ठाऊक असते, आणि कॅनडात सरोवरांची वाण नाही.

बर्फाने उघड केलेली चूक

समुद्र आणि सरोवर हे आदर्श परीक्षक होते, कारण पाणी रेडिओ लहर परत पाठवते. सर्व पृष्ठभाग असे वागत नाहीत, हे ध्रुवप्रदेशात उमगले. अमेरिकन सैन्याच्या संदेशवहन विभागातील एमरी वेट हे रिचर्ड बर्ड यांच्या १९३३ ते १९३५ च्या दुसऱ्या अंटार्क्टिक मोहिमेत होते. बर्फ व हिम रेडिओ लहरींना बऱ्याच अंशी पारदर्शक असतात, हे त्यांच्या तेव्हाच लक्षात आले होते. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी एससीआर-७१८ घेऊन याची पद्धतशीर तपासणी केली. उपकरणात कोणताही बिघाड नव्हता. स्फटिक बरोबर होता, वर्तुळ बरोबर होते. परंतु लहर बर्फाच्या पृष्ठभागावर न थांबता आत शिरत होती आणि तळच्या खडकावरून किंवा पाण्यावरून परतत होती.

चूक केवळ बर्फाच्या जाडीइतकी नव्हती. बर्फात रेडिओ लहरींचा वेग हवेतील वेगाच्या सुमारे ५६ टक्के, म्हणजे मायक्रोसेकंदाला सुमारे १६८ मीटर असतो. त्यामुळे शंभर मीटर जाडीच्या बर्फातून जाऊन आलेला प्रतिध्वनी उंचीमापकाला जवळजवळ १८० मीटर जादा हवा असल्याचे सांगतो. काटा खाली भरपूर अवकाश दाखवत असताना विमान बर्फाला टेकण्याच्या बेतात असू शकते. चुकीची दिशा नेमकी घातक बाजूची आहे, हे विशेष. वेट आणि त्यांचे सहकारी श्मिट यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी प्रसिद्ध केलेल्या लेखाच्या शीर्षकातच जाड बर्फावरील स्पंद-उंचीमापकांच्या ‘स्थूल चुका’ असा शब्दप्रयोग आहे. अभियंत्यांच्या संयत भाषेत हा शब्द कठोरच म्हणावा लागेल.

पुढे जे घडले ते अधिक महत्त्वाचे आहे. केंब्रिज येथील स्कॉट ध्रुवीय संशोधन संस्थेत स्टॅन्ली एव्हन्स व गॉर्डन रॉबिन यांनी त्याच चुकीसाठी मुद्दाम उपकरण घडविले. बर्फात लहर अधिक खोल जावी म्हणून त्यांनी वारंवारता ३५ मेगाहर्ट्झपर्यंत खाली आणली. १९६० व १९७० च्या दशकांत विमानातून अंटार्क्टिकाच्या बर्फाखालची भूमी आखली गेली. काही ठिकाणी बर्फाची जाडी चार किलोमीटरहून अधिक आढळली आणि बर्फाखाली सरोवरे असल्याचेही दिसून आले. वैमानिकासाठी जी चूक होती तीच हिमशास्त्रज्ञासाठी मोजणी ठरली. ‘जमीन’ या शब्दाचा अर्थ लहरीच्या वारंवारतेवर अवलंबून असतो, असे यावरून म्हणावे लागते. घनदाट जंगलावरही हाच प्रश्न कमीअधिक प्रमाणात उभा राहतो. तेथे प्रतिध्वनी काही अंशी झाडांच्या माथ्यांचा असतो आणि काही अंशी मातीचा.

धुक्यातील अवतरण आणि दोन फुटांचा आग्रह

ब्रिटनमध्ये धुके हा राष्ट्रीय प्रश्न होता. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या ब्लाइंड लँडिंग एक्सपेरिमेंटल युनिट या संस्थेने पूर्णपणे स्वयंचलित अवतरणाचे ध्येय ठेवले. धावपट्टीशी समांतर राहण्यासाठी मार्गदर्शक लहरी किंवा जमिनीत पुरलेली तार उपयोगी पडे. अखेरच्या क्षणी विमानाचे नाक उचलून उतरण्याचा वेग कमी करण्यासाठी मात्र चाकाखालची उंचीच हवी होती. संस्थेने विकसित करविलेला नवा उंचीमापक कमी उंचीवर दोन फुटांचा फरक ओळखू शकत असे.

दोन फूटच का? उतरणारे विमान सेकंदाला साधारण ११ ते १२ फूट खाली येत असते. टेकताना हा वेग सेकंदाला दोनएक फुटांवर आणावयाचा असतो. या अखेरच्या टप्प्यात उंचीत तीन फुटांची चूक झाली तर टेकण्याचा क्षण ढोबळमानाने दीड सेकंदाने पुढे-मागे होतो आणि तेवढ्या वेळात विमान धावपट्टीवर शंभर मीटर पुढे गेलेले असते. उलट बाजूने चूक झाली तर ते धावपट्टीवर आदळते. ब्रिटनच्या नियामकांनी स्वयंचलित अवतरणासाठी कसोटी ठरविली ती अशी की, प्रणालीच्या दोषामुळे प्राणघातक अपघात एक कोटी अवतरणांत एकाहून अधिक होऊ नये. इतकी अवतरणे करून कोणी पाहू शकत नाही. म्हणून चाचणी-उड्डाणांतील शेकडो नोंदी, विशिष्ट अंतराने छायाचित्रे घेणाऱ्या जमिनीवरील थिओडोलाइटांनी ठरविलेली खरी उंची आणि संभाव्यतेचे गणित यांची सांगड घालावी लागली. १० जून १९६५ रोजी पॅरिसहून लंडनला आलेल्या ब्रिटिश युरोपियन एअरवेजच्या ट्रायडंट विमानाने प्रवासी घेऊन पहिले स्वयंचलित टेकणे साध्य केले.

युद्धोत्तर काळात रेडिओ उंचीमापकांसाठी ४२०० ते ४४०० मेगाहर्ट्झचा पट्टा राखून ठेवला गेला, त्याचा या सूक्ष्मतेशी थेट संबंध आहे. येथे शंभर मेगाहर्ट्झहून मोठी झेप घेता येते. वर सांगितलेले सूत्र लावल्यास पायरी अडीच फुटांच्या आत येते, आणि पुढील संकेत-संस्करणाने तीही पुसली गेली.

शून्य कोठे मानावे

अचूकतेची चर्चा करताना एक गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते. लहर अँटेनापासून मोजली जात नाही. ती उपकरणाच्या पेटीतून निघते, केबलमधून अँटेनापर्यंत जाते आणि परतताना पुन्हा केबलमधून येते. केबलमध्ये वेग हवेपेक्षा कमी असतो. केबलची एकूण लांबी आणि अँटेनाची जमिनीपासूनची उंची मिळून होणारा विलंब आधीच वजा करावा लागतो. यासाठी उद्योगाने काही ठरावीक मूल्ये मान्य केली. ५७ फूट हे त्यांपैकी एक. केबल लांब भरली तरी कापावयाची नाही, वेटोळे करून ठेवावयाची, ही देखभाल-कर्मचाऱ्यांची शिस्त त्यामुळेच आहे. शून्य हा बिंदूही निवडलेला असतो. नाक वर उचललेल्या स्थितीत मागची चाके धावपट्टीला टेकतात तो क्षण शून्य मानतात. म्हणून विमान फलाटावर उभे असताना काटा उणे काही फूट दाखवतो, आणि ते बरोबर असते.

जमिनीलाही यंत्राच्या सोयीने वागावे लागले, ही गंमत येथे नोंदविण्यासारखी आहे. धावपट्टीच्या आरंभापूर्वीची भूमी उंचसखल असेल तर अचूक उंचीमापकही संगणकाला फसवतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने यासाठी धावपट्टीपूर्वी किमान ३०० मीटर आणि मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंस ६० मीटर इतके क्षेत्र सपाट किंवा मंद उताराचे ठेवण्याची शिफारस केली. अगदी कमी दृश्यमानतेतील अवतरणाच्या धावपट्ट्यांसाठी ९०० मीटरपर्यंतच्या भूमीचा स्वतंत्र आलेखही लागतो.

प्रमाणके आणि प्रयोगशाळा

१९७४ मध्ये अमेरिकेतील आरटीसीए या संस्थेने डीओ-१५५ हे प्रमाणक प्रसिद्ध केले. साधारण कसोटी अशी होती : शंभर फुटांपर्यंत ३ फूट, पाचशे फुटांपर्यंत ३ टक्के, त्यापुढे ५ टक्के. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये वॉशिंग्टनजवळ डोंगरावर आदळलेल्या ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सच्या विमानाच्या अपघातानंतर भूसान्निध्याचा इशारा देणारी प्रणाली सक्तीची झाली आणि रेडिओ उंचीमापक अवतरणापुरता न राहता सर्वकाळचा पहारेकरी बनला.

प्रयोगशाळेत ही कसोटी घेण्यासाठी जमिनीऐवजी विलंब वापरतात. पूर्वी केबलची मोठी वेटोळी असत. नंतर प्रकाशीय तंतू आले. एक किलोमीटर तंतूतील विलंब सुमारे ४.९ मायक्रोसेकंद, म्हणजे सुमारे २४०० फूट उंचीइतका होतो. टेबलावरील एका रिळात उंचीमापकाचा जवळजवळ सगळा पल्ला मावतो. ही परीक्षा काटेकोर असते, परंतु तिच्यात लाटा, झाडे, बर्फ, दुसरे विमान यांपैकी काहीही नसते. प्रतिध्वनी एकच आणि स्वच्छ.

२५ फेब्रुवारी २००९ रोजी ॲम्स्टरडॅम येथे उतरणाऱ्या टर्किश एअरलाइन्सच्या बोइंग ७३७-८०० विमानाने या परीक्षेची मर्यादा दाखविली. विमान सुमारे १९५० फुटांवर असताना डावीकडील उंचीमापकाने एकाएकी उणे ८ फूट दाखविले. उजवीकडील उंचीमापक बरोबर होता. इंजिनांचे स्वयंचलित नियंत्रण डाव्यावर विसंबून होते. त्याने विमान टेकत असल्याचे मानून शक्ती काढून घेतली. वेग घटत गेला आणि तो लक्षात येईपर्यंत सावरण्यास उंची उरली नव्हती. नऊ जण मृत्युमुखी पडले. चुकीचे वाचन यंत्राने स्वतःहून ‘ग्राह्य’ म्हणूनच पुढे पाठविले होते. तीन फूट की तीन टक्के या भाषेत या चुकीला स्थानच नव्हते. प्रस्तुत लेखकाच्या मते अचूकता आणि विश्वसनीयता या दोन संकल्पनांची प्रमाणकांनी केलेली फारकत येथे उघडी पडली. हिरोशिमाच्या उपकरणात दोघांची एकवाक्यता मागितली गेली होती. येथे दुसऱ्याला विचारलेच गेले नाही.

शेजारच्या पट्ट्यातील गोंगाट

१९७४ च्या प्रमाणकात शेजारच्या पट्ट्यांतील प्रबळ संकेतांचा विचार नव्हता, कारण त्या काळी शेजारी प्रबळ कोणी नव्हते. पाचव्या पिढीच्या मोबाइल सेवेला अमेरिकेत ३७०० ते ३९८० मेगाहर्ट्झचा पट्टा मिळाला आणि चित्र बदलले. ऑक्टोबर २०२० मध्ये आरटीसीएने या सेवेमुळे उंचीमापकात चूक निर्माण होण्याची शक्यता तपशीलवार मांडली. १९ जानेवारी २०२२ रोजी सेवा सुरू होण्याच्या सुमारास अनेक कंपन्यांनी उड्डाणे रद्द केली. एअर इंडियाचे मुंबई ते नेवार्क हे उड्डाणही त्यांत होते.

भारतात या सेवेसाठी दिलेला पट्टा ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झ असल्याने उंचीमापकाच्या पट्ट्यापासूनचे अंतर पाचशे मेगाहर्ट्झहून अधिक होते. तरीही २९ नोव्हेंबर २०२२ रोजी दूरसंचार विभागाने धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २१०० मीटर व मध्यरेषेपासून ९१० मीटरच्या आत असे मनोरे न उभारण्याची सूचना सेवादात्या कंपन्यांना दिली. त्या वेळी ज्या विमानतळांवर सेवा सुरू झाली होती त्यांत पुणे आणि नागपूर यांचा समावेश होता. विमानांतील उंचीमापकांना योग्य गाळणी बसविल्याची खात्री नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून होईपर्यंत हे अंतर पाळावयाचे होते. अमेरिकेत हेच काम बहुतांश प्रवासी विमानांसाठी फेब्रुवारी २०२४ च्या आरंभापर्यंत पूर्ण करण्याची मुदत देण्यात आली. त्यानंतरच्या चाचण्यांत विलंबाच्या रिळासोबत गोंगाट निर्माण करणारा दुसरा प्रक्षेपकही टेबलावर मांडला जातो, आणि काटा किती फुटांनी हलतो याबरोबरच तो कोणत्या पातळीच्या गोंगाटात हलू लागतो, हेही नोंदविले जाते.